सोल्जर माशीची (स्ट्रॅटिओमायिडी कुळातल्या माशीची) नवी जात नुसत्या फोटोवरून जाहीर करता येते का?
व्यवहारात नाही, नमुना हातात हवाच. १९९९ नंतरच्या नव्या नावासाठी होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार असलेला एकच नमुना, ठरवून तो कुठल्या संग्रहात ठेवणार हे लिहावं लागतं. पुढच्या कडेकडे दाटलेल्या पंखशिरा आणि पंखाच्या मधला, शिरांनी वेढलेला छोटा डिस्कल कप्पा पाहून कुळ कळतं. जात मात्र बहुतेकदा नराच्या जननांगावरून ठरते, आणि ती फोटोत दिसत नाहीत. ती पाहायला पोटाचं टोक कापून १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात, स्नायू विरघळेपर्यंतच ठेवा. जास्त वेळ राहिलं तर पातळ भाग इतके पारदर्शक होतात की कडा दिसत नाहीत. नंतर ग्लिसरिनच्या बारीक कुपीत, माशीच्याच टाचणीवर लावा. वेगळं ठेवलं की कुठल्या माशीचं ते पुढे कळत नाही. अपवाद आहे: २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका बी-फ्लायचं (बॉम्बिलिडी कुळातल्या माशीचं) वर्णन फोटोंवरून झालं, पण त्यावर मोठा वाद झाला.