वाचकांचे प्रश्न : नोलानचा 'फॉलोइंग' आणि नंतरचे चित्रपट

प्रश्न : 'ओपनहायमर' आवडला म्हणून क्रिस्टोफर नोलानचा पहिला चित्रपट 'फॉलोइंग' (१९९८) शोधून पाहिला. जेमतेम सहा हजार डॉलरमध्ये अख्खा चित्रपट झाला, हे पटत नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : पटेल, आधी फिल्मचा हिशेब मांडून बघा. चित्रपट १६ मिमी कृष्णधवल फिल्मवर आहे. या फिल्मचं १०० फुटी रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं, ४०० फुटी अकरा मिनिटांत. कलाकार नोकऱ्या सांभाळून येणारे, त्यामुळे चित्रीकरण शनिवारी, तेही वर्षभर रेंगाळत. एका दिवसाला साधारण पंधरा मिनिटांची फिल्म, म्हणजे साडेपाचशे फुटांच्या आतबाहेर. एवढ्यात प्रसंगाला एक, फार तर दोन टेक. संवाद विसरला की फिल्मही गेली आणि धुलाईचे पैसेही. म्हणून तालमी आधीच भरपूर, नाटकासारख्या. विष्णुदास भावेंच्या सांगलीला हे वेगळं सांगायला नको. कॅमेरा नोलानच्याच हातात, उजेड बहुतेक खिडकीचा, घरं ओळखीपाळखीची.

प्रश्न : 'फॉलोइंग' दोनदा पाहूनही काळाचा क्रम लागत नाही. आणि तुमच्या मते नोलान आधीचा चांगला की आत्ताचा? – एक वाचक, मिरज

उत्तर : नायकाच्या चेहऱ्यावर नजर ठेवा. वाढलेले केस आणि खुरटी दाढी म्हणजे सुरुवातीचा काळ; केस कापून सूट चढवला की मधला; चेहऱ्यावर माराच्या खुणा दिसल्या की शेवटाजवळचा. एवढं धरलं तर तिसऱ्यांदा बघताना गुंता सुटतो.

काळाची मोडतोड हा त्याचा कायमचा छंद. 'मेमेंटो'त (२०००) रंगीत प्रसंग उलटे जातात, कृष्णधवल सुलटे, आणि शेवटी दोन्ही एकमेकांना भिडतात. 'डंकर्क'मध्ये (२०१७) एक आठवडा, एक दिवस आणि एक तास शेजारी शेजारी चालतात. 'फॉलोइंग'मधल्या चोराचं नाव कॉब, 'इन्सेप्शन'च्या (२०१०) नायकाचंही कॉबच.

आमचं मत विचाराल तर आधीच्या नोलानकडे एक गोष्ट होती, ती पुढे पातळ झाली : वस्तूंकडे बघण्याची सवड. कॉब परक्या घरात शिरतो तो दागिन्यांसाठी नाही. मालकाने जपून ठेवलेली खासगी चीजवस्तूंची पेटी तो शोधतो आणि आतलं सगळं विस्कटतो, म्हणजे आपल्याकडे काय होतं ते मालकाला कळावं. त्या पेटीतून न दिसलेला माणूस उभा राहतो. 'टेनेट'मध्ये (२०२०) पात्रं नियम समजावण्यातच दमतात. बायकांची पात्रं मात्र पहिल्यापासूनच कच्ची; 'फॉलोइंग'मधल्या बाईला धड नावही नाही.

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्र फक्त रविवारी, मोबाईलवर चित्रपट करणार आहोत. कुठे फसतं? – एक वाचक, कराड

उत्तर : सगळ्यात जास्त फसतं ते मागच्या दृश्यात. दिवाळीच्या सुमारास डोक्यावर उभा असलेला ऊस जानेवारीत तुटून गेलेला असतो. सप्टेंबरचा हिरवा डोंगर फेब्रुवारीत पिवळा. म्हणून शेतातले प्रसंग लागोपाठच्या दोन-तीन रविवारी उरकून घ्या आणि घरातले पुढे ढकला. एक प्रसंग दोन रविवारी तोडावाच लागला तर वेळ तीच ठेवा. दर टेकनंतर प्रत्येकाचा समोरून आणि बाजूने फोटो काढा : केस, दाढी, बाह्या किती दुमडल्या, घड्याळ कुठल्या हातात.

खोलीत माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवू नका, चेहरा काळा पडतो. खिडकी एका बाजूला घ्या, दुसऱ्या बाजूला हातभर अंतरावर पांढरी चादर ताणा. मोबाईलचं एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) आणि फोकस दोन्ही लॉक करा, नाहीतर माणूस हलला की उजेड खालीवर होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. ३० फ्रेम आणि १/६० वर ट्यूबलाईट लपलप करते. ते नंतर काढणं जिकिरीचं.

आवाजासाठी पंखा बंद, कॉलर माईक शर्टाच्या आत न घालता वर. प्रत्येक जागेची अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, जोडकामात सांधे बुजवायला लागते. रस्त्याकडेला उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात. ते गाणं टेकमध्ये शिरलं तर संवाद तोडता येत नाहीत आणि हक्कांचा प्रश्न वेगळाच. ट्रॅक्टर जाऊ द्या, मग पुन्हा घ्या. फायली त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी उतरवा.

प्रश्न : कमी पैशांत करायचं तर कृष्णधवलच करावं का? – एक वाचक, विटा

उत्तर : घरात पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र असेल तर जरूर, कृष्णधवलमध्ये ती भेसळ दिसत नाही. पण तांबडी साडी आणि हिरवी भिंत एकाच करड्या छटेत मिसळून जातात. कपडे ठरवण्याआधी मोबाईल कृष्णधवलवर टाकून भिंतीसमोर धरून पाहा.