या वयात पुन्हा ज्युनिअर?

मी समुपदेशक. गेल्या दोन-तीन वर्षांत एक वाक्य मला पाठ झालंय. "आमचं क्षेत्रच संपत चाललंय हो." चाकणला डिझेल इंजिनांवर आयुष्य काढलेला इंजिनिअर हेच म्हणाला. आणि वर्षभरात तेल-वायू कायद्यातले तीन अनुभवी वकील आले, तेही हेच म्हणाले. त्यातल्या एकीची ही गोष्ट, तिच्या परवानगीनं आणि ओळख पुसून.

त्यांना वसुधाताई म्हणू. वय 51, मुंबईतल्या एका तेल उत्खनन कंपनीत विधी विभागाच्या प्रमुख. पहिल्या दिवशी मी नेहमीचा संमतीचा फॉर्म पुढे केला. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि ‘आपली माहिती शक्यतो गोपनीय ठेवली जाईल’ यातल्या ‘शक्यतो’खाली रेघ मारली.

"मॅडम, हे ‘शक्यतो’ कुणाच्या सोयीचं?"

अकरा वर्षं तो फॉर्म वापरतेय, कुणीही विचारलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी तो शब्द काढला आणि अपवाद कोणते ते सरळ लिहून टाकले.

तक्रार अशी की झोप नाही, घरात चिडचिड, आणि मेलच्या ड्राफ्टमध्ये लिहून ठेवलेला राजीनामा. कंपनी सौर आणि पवन ऊर्जेत उतरत होती. "पंचवीस वर्षं मी प्रॉडक्शन शेअरिंग कॉन्ट्रॅक्ट खाल्लं, प्यायलं. आता मीटिंगमध्ये कुणी तो शब्दही काढत नाही." म्हणजे सरकार आणि कंपनी यांच्यातला तेल-वायूच्या वाटणीचा करार.

मी सुरुवातीला चूक केली. धीर द्यायला गेले. म्हटलं, देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त आपण आयात करतो, ते काय उद्या बंद होणार आहे? त्या हसल्या. "हे आकडे मीच बोर्डाला देते." आकड्यांनी भीती जात असती तर वकील आणि डॉक्टर कधी घाबरले नसते.

चौथ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. सौर प्रकल्पाची वीज एका वितरण कंपनीला विकायची होती, त्या कराराच्या मसुद्यावर चर्चा चालू होती. वसुधाताई सवयीनं म्हणाल्या, वाद झाला तर लवाद, सीट, म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण, मुंबई ठेवू. तेल-वायूच्या करारात तोच रिवाज. त्यावर दीड वर्षापूर्वी रुजू झालेला 29 वर्षांचा मुलगा म्हणाला, "मॅडम, वीज कायदा 2003, कलम 86. वितरण कंपनीशी वाद झाला तर राज्य वीज नियामक आयोगाकडे जावं लागतं. लवादाकडे पाठवायचं की नाही, तेही आयोगच ठरवतो."

नम्रपणेच म्हणाला. कुणी हसलं नाही. चर्चा पुढे गेली. त्याच रात्री राजीनामा लिहिला गेला.

"त्या क्षणी मनात काय आलं? एका वाक्यात सांगा."

"मला हे माहीत असायलाच हवं होतं."

मी त्यांचीच पेन्सिल मागून घेतली. वाक्य कागदावर उतरवलं आणि ‘असायलाच’ मधल्या ‘च’खाली रेघ मारली.

"वसुधाताई, हा ‘च’ कुणाच्या सोयीचा?"

बराच वेळ त्या त्या रेघेकडे बघत राहिल्या. मी बोलले नाही. समोरचा माणूस गप्प झाला की समुपदेशकाची जीभ फार शिवशिवते, ती आवरायला मला वीस वर्षं लागली. मग हळूच विचारलं, याआधी कधी सगळं नव्यानं शिकावं लागलं होतं का?

"लागलं की. 2016 ला." एकदम आवाज बदलला. तोपर्यंतच्या करारांत कंपनी आधी खर्च वसूल करायची, मग उरलेल्या नफ्यात सरकारचा वाटा. नव्या धोरणात खर्चाचा हिशेबच बाजूला गेला, थेट महसुलात वाटा आला. पंधरा-सोळा वर्षं घोटलेली कलमं एका फटक्यात जुनी झाली.

"तेव्हाही राजीनामा लिहिला होतात?"

"छे! मजा आली होती. रात्र रात्र बसून वाचायचो आम्ही. कुणालाच येत नव्हतं ना."

आणि थांबल्या. मग तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हणाल्या, "कुणालाच येत नव्हतं."

तिथे आमचं काम फिरलं. कुणालाच येत नव्हतं तेव्हा न येणं म्हणजे अभ्यास होता. धाकट्याला येतंय म्हटल्यावर तेच न येणं अपमान झालं. तेल संपण्याची भीती वरवरची होती. खाली दडली होती ती या वयात पुन्हा ज्युनिअर व्हायची लाज. ‘क्षेत्र संपतंय’ म्हणत येणाऱ्यांपैकी निम्म्याअधिक लोकांच्या तळाशी मला हीच लाज सापडली आहे. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची. माणसाला प्रसंगापेक्षा त्या प्रसंगावर लादलेला आग्रह जास्त छळतो, असं मानणारी. सहकारी चिडवतात, तुझी सगळी थेरपी एका अक्षराची आहे म्हणून. असू दे.

अशा वळणावर असणाऱ्यांना मी पहिलं सांगते ते राजीनामा थांबवायला. वकिलांना तर जास्तच. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवलेली असते. ती आधी पुन्हा सुरू करून घ्यावी लागते, आणि दाराशी अशील रांग लावून उभे नसतात. अपमानाच्या रात्री घेतलेला निर्णय सकाळच्या व्यवहारात टिकत नाही.

मग कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे, इंधन बदललं तरी जे माझंच राहतं ते. वसुधाताईंची डावी बाजू भरून वाहिली: माल उचलला नाही तरी पैसे द्यायला लावणारं कलम, फोर्स मेज्यूअर (आवाक्याबाहेरच्या संकटात जबाबदारीतून सूट), मध्येच कायदा बदलला तर भार कुणी सोसायचा, पंचवीस वर्षांच्या करारातली जोखीम. शिवाय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाविरुद्धचं अपील दिल्लीत ज्या न्यायाधिकरणाकडे जातं, वीज आयोगांविरुद्धचंही तिथेच जातं. तो जिना त्यांच्या पायाखालचा होता. उजवीकडे, न येणारं. ग्रिडचे नियम, ओपन अॅक्सेस (दुसऱ्याच्या वाहिन्यांवरून वीज नेण्याची मुभा) वगैरे. मोजून सात ओळी.

त्या सात ओळींसाठी घरचा अभ्यास दिला. आठवड्यातून एकदा, चारचौघांत, त्याच मुलाला एक प्रश्न विचारायचा. वाक्य ठरलेलं: "हे मला माहीत नाही, समजावून सांग." पहिल्या आठवड्यात त्या म्हणून आल्या, "जरा रिफ्रेश कर." मी परत पाठवलं. रिफ्रेश म्हणजे आधी माहीत होतं! वकिलाची पळवाट ती. तिसऱ्या आठवड्यात वाक्य जसंच्या तसं म्हटलं गेलं. मुलानं खुर्ची ओढली आणि बोर्डावर आकृती काढली, एवढंच झालं.

सगळ्यांचं असं होत नाही. त्या तीन वकिलांपैकी एकाला खरंच बाहेर पडायचं होतं, तेल हे निमित्त होतं. तो पडला आणि बरं झालं.

वसुधाताई सात महिन्यांनी शेवटच्या भेटीला आल्या. आता त्या मुलानंच विचारलं होतं, "मॅडम, दाभोळचं नेमकं काय झालं होतं?" 1995 साली राज्य सरकारनं एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा करार रद्द केला तेव्हा त्याचा जन्म झाला नव्हता आणि वसुधाताई लॉ कॉलेजात होत्या. वीज घेतली नाही तरी भरायचा आकार, तोही डॉलरशी बांधलेला. वर्तमानपत्रांची सगळी कात्रणं त्यांनी फाइलला लावून ठेवली होती. दीड तास बोलत बसल्या.

"म्हणजे तुमची सुरुवात विजेच्या करारानं झाली," मी म्हटलं.

"अगं बाई, हो की." जरा वेळानं म्हणाल्या, "फाइल घेऊन गेलाय तो. पंधरा दिवस झाले. परत मागायला कसंतरीच वाटतंय."

"ठरलेलं वाक्य आहे का त्याला काही?" मी विचारलं. त्यांनी पेन्सिल काढली.