कोड खात्याला देऊ नका, बिलातील ओळीला द्या

खतावणीतील प्रत्येक खर्चखात्यासमोर यूएनएसपीएससीचा (वस्तू व सेवांच्या संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाचा) एकेक कोड लिहून आपण तक्ता केला आणि तरीही निम्म्या नोंदी परत आल्या, हे आपण लिहिलेले वाचून राहवले नाही; नेमकी हीच चूक मी केली होती आणि ती निस्तरण्यात माझे जवळजवळ वर्ष गेले.

आठ अंक आणि दोन-दोन अंकांचे चार स्तर (विभाग, कुटुंब, वर्ग, वस्तू) ही रचना आपल्याला ठाऊक असेलच, म्हणून त्यात शिरत नाही. खर्चखाते पैसा कोणत्या कारणासाठी गेला हे सांगते, तर हा कोड प्रत्यक्ष काय विकत घेतले हे सांगतो, आणि या दोन प्रश्नांची उत्तरे क्वचितच जुळतात. मी ‘कार्यालयीन खर्च’ या खात्याला सरसकट 44 हा विभाग देऊन टाकला, कारण त्या विभागाचे नावच कार्यालयीन उपकरणे व साहित्य असे आहे. त्या खात्यातील एक बिल जरी उघडले असते, तरी चूक लक्षात आली असती. त्यात चार ओळी होत्या: लेझर प्रिंटर, टोनर, छपाईचा कागद आणि जुन्या प्रिंटरची दुरुस्ती. यांपैकी 44 मध्ये बसतो तो फक्त टोनर, 44103103. प्रिंटर 43212105 म्हणून माहिती तंत्रज्ञानाच्या विभागात जातो, कागद 14111507 म्हणून कागदी मालात, आणि दुरुस्ती ही सेवा असल्यामुळे तिचा कोड 81 ने सुरू होणाऱ्या सेवांमध्ये शोधावा लागतो.

याहून अधिक मनस्ताप दिला तो तक्ता तपासणाऱ्या कार्यालयाने. तीन वेळा फाइल परत आली आणि तिन्ही वेळा शेरा एकच, ‘कोड अयोग्य’. कोणती ओळ, कोणता स्तर, काही नाही. त्यांची कोडांची यादी जुन्या आवृत्तीची होती, हे शेवटी माझे मलाच शोधावे लागले. आवृत्ती बदलली की काही कोड नव्याने येतात, काही हलतात, काही रद्द होतात, आणि एवढी साधी माहिती पहिल्याच दिवशी न देणे हा माझ्या मते अक्षम्य निष्काळजीपणा आहे. म्हणून आवृत्तीचा क्रमांक आधी लेखी मागून घ्या.

पगार, कर, व्याज आणि घसारा या नोंदी प्रथम बाजूला काढा; ती खरेदी नव्हे, त्यांना कोड शोधत बसू नका. उरलेल्यांपैकी सर्वाधिक रकमेच्या पुरवठादारांची बिले ओळीओळीने वाचा. पुरवठादारागणिक एक कोड ही सोय फक्त एकाच प्रकारचा माल देणाऱ्यांपुरती ठेवा. युरोपीय सीपीव्हीचे (सार्वजनिक खरेदीसाठीच्या युरोपीय संघाच्या वर्गीकरणाचे) कोडही सांभाळत असाल, तर एक्सेलमधील तो रकाना मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर 03 किंवा 09 ने सुरू होणाऱ्या कोडांतील शून्य गळून पडते.

हा माझा अनुभव आहे, आपल्या संस्थेचे नियम निराळे असू शकतात. मात्र नेमकी वस्तू ठरत नसेल, तर अंदाजाने आठ अंक भरण्यापेक्षा 44103100 असा वर्गाच्या स्तरावरचा, शेवटी दोन शून्ये असलेला कोड मी केव्हाही पसंत करीन. तो स्वीकारला जातो का, हे आवृत्तीबरोबर त्याच पत्रात विचारून घ्या.