'पुट ऑफ' म्हणजे रद्द का पुढं ढकललं?

प्रश्न : सर, पोरीच्या कॉलेजच्या ग्रुपवर नोटीस आली, 'प्रॅक्टिकल एक्झाम हॅज बीन पुट ऑफ.' शेजारचा पोरगा म्हणते परीक्षा रद्द झाली, आता जायचं कामच नाही. पोरगी म्हणते पुढं ढकलली. मी दहावी शिकलेली, मले वाटलं लाइट पुट ऑफ करतो तसं, म्हणजे बंद. नक्की काय ते सांगा.
– एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पोरगी बरोबर आहे. परीक्षा होणारच आहे, फक्त तारीख पुढं गेली, तेव्हा तिचा अभ्यास सुटू देऊ नका. रद्द असती तर 'कॅन्सल्ड' नाहीतर 'कॉल्ड ऑफ' लिहिलं असतं, अन् दोन्हीत 'ऑफ' असल्यानं या 'कॉल ऑफ'मुळंच लय घोटाळा होतो.

तुम्ही म्हणता तो लाइटचा अर्थही आहे, पण लाइटसाठी आता 'टर्न ऑफ', 'स्विच ऑफ' जास्त चालते. अशा जोडशब्दांचा अर्थ सुटा सुटा काढून जमत नाही, आपण 'विसरून बसला' म्हणतो तेव्हा कोणी खाली बसलेलं नसते, तसंच.

आता पोरीसाठी थोडं, कारण पेपरात हेच विचारतात. जूनमध्ये पहिली सर आली की पेरायची घाई होते, पण कृषी विभाग सांगते 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, नाहीतर दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर येते. मग जो कास्तकार थांबला त्याच्याबद्दल लिहायचं, 'ही पुट ऑफ सोइंग', म्हणजे त्यानं पेरणी पुढं ढकलली. 'टू सो' नाही, 'सोइंग'च. भूतकाळातही 'पुट'च राहते, 'पुटेड' असा शब्दच नाही. 'पुट ऑफ द मीटिंग' चालते, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालते, पण 'इट' आलं की ते मधातच बसते, 'पुट इट ऑफ', अन् 'पुट ऑफ इट' लिहिलं तर चूक. याच्या उलट, तारीख अलीकडं आणली तर 'ब्रिंग फॉरवर्ड'. आपण 'प्रीपोन' म्हणतो ते भारतातलं इंग्रजी आहे, इथं सगळ्यायले समजते, वापरा बिनधास्त.

माणसाबद्दल आलं तर अर्थ वेगळा, 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे त्या वासानं मनच उडालं.

अन् ताई, नोटीस शेवटपर्यंत वाचायले सांगा. 'पुट ऑफ टिल मंडे' असेल तर परीक्षा सोमवारीच आहे, सोमवारपर्यंत सुट्टी अन् मंगळवारी पेपर असं नाही. 'अंटिल फर्दर नोटीस' असेल तर तारीख अजून ठरलेली नाही, पुढची सूचना येईपर्यंत रोज ग्रुप पाहत राहा.