विंडोज ९८चा जुना संगणक आजच्या फाइल सर्व्हरला कसा जोडावा?

छापखान्यातील विंडोज ९८च्या संगणकाला नवा फाइल सर्व्हर दिसत नाही, तेव्हा सर्व्हरवर एसएमबी-१ (फाइली देण्याघेण्याचा, विंडोज ९८ला कळणारा जुना प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच) चालू करावे का, असे आपण विचारले आहे. मुख्य सर्व्हरवर ते मुळीच चालू करू नये, असे माझे ठाम मत आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर पसरले ते विंडोजमधील याच जुन्या प्रोटोकॉलच्या त्रुटीतून, आणि सांबा या लिनक्सवरील फाइल-सर्व्हर सॉफ्टवेअरनेही २०१९च्या ४.११ आवृत्तीपासून तो आपोआप चालू ठेवणे थांबवले.

नाशिकला रविवार कारंजाजवळच्या आमच्या छापखान्यात हाच प्रश्न आला, तेव्हा मी दोघांच्या मध्ये एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) ठेवला. त्याच्या वायरच्या पोर्टला फक्त जुना संगणक जोडलेला आहे. वायफायवरून रास्पबेरी पाय मुख्य सर्व्हरशी नव्या प्रोटोकॉलने बोलतो आणि रोज रात्री फाइली तिकडे पोचवतो. जुन्या संगणकाला इंटरनेट अजिबात मिळत नाही. त्यात रिअलटेक ८१३९चे साधे पीसीआय नेटवर्क कार्ड बसवले असून ड्रायव्हर सीडीवरून घातला, कारण विंडोज ९८ला पेनड्राइव्हसाठीही वेगळा ड्रायव्हर लागतो.

रास्पबेरी पायवरील सांबात किमान प्रोटोकॉल 'एनटी१' (म्हणजेच एसएमबी-१) ठेवून लॅनमन पडताळणी (पासवर्ड तपासण्याची जुनी पद्धत) चालू करावी लागते. माझ्या दोन संध्याकाळी इथेच गेल्या: ही पडताळणी चालू करण्यापूर्वी ठेवलेला पासवर्ड चालत नाही, तो नंतर पुन्हा द्यावा लागतो, आणि तो १४ अक्षरांपेक्षा मोठा नसावा. शेअरचे (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचे) नावही १२ अक्षरांच्या आत ठेवावे, नाहीतर ते यादीत दिसतच नाही. शिवाय संगणक सुरू होताना येणारी लॉगिनची चौकट आमचे कामगार सवयीने एस्केप दाबून घालवत, आणि मग नेटवर्क उघडत नसे. तिथे सांबातलेच नाव आणि पासवर्ड द्यायचा, हे मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवले.

मात्र हे सर्व करण्याआधी हार्डडिस्क बाहेर काढून, आयडीई-यूएसबी अडॅप्टर (जुनी डिस्क यूएसबीला जोडणारे साधन) लावून तिची संपूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) घ्यावी, कारण इतकी जुनी डिस्क कधीही बंद पडू शकते. पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींबरोबर फॉन्ट्सचा फोल्डरही जरूर उतरवून घ्यावा. त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेत देणारी पद्धत) नसल्याने, तोच फॉन्ट नसेल तर लग्नपत्रिकेतील वधूवरांची नावेसुद्धा वाचता येत नाहीत.