थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये ऑफिसचे मेल येतात, पण जात नाहीत; फिरत राहतं आणि टाइमआउट येतो. पोर्ट २५ आहे. काय करू?

मेल येताहेत ना, मग पासवर्डला हात लावू नका. मी पहिल्यांदा हेच सेट केलं तेव्हा तीनदा पासवर्ड बदलला आणि फोनवरचं चालू खातंही बंद पाडून ठेवलं.

येणारी डाक आयमॅपवरून येते, जाणारी एसएमटीपीवरून जाते. दोन्हींची सेटिंग वेगळी. थंडरबर्डमध्ये जाणाऱ्या सर्व्हरची नोंद अकाउंट सेटिंग्जच्या डावीकडच्या यादीत पार तळाशी असते, म्हणून नजरेतून सुटते.

तुमची अडचण बहुधा पोर्ट २५मध्येच आहे. पोर्ट म्हणजे सर्व्हरवरचं क्रमांक दिलेलं दार. तो पोर्ट सर्व्हरांनी एकमेकांना डाक देण्यासाठी असतो. स्पॅम आवरायला अनेक ब्रॉडबँड कंपन्या घरगुती कनेक्शनवर तो अडवतात, म्हणून नुसतं फिरत राहतं. त्याऐवजी ५८७ टाका आणि सुरक्षा ‘स्टार्टटीएलएस’ ठेवा. नाहीतर ४६५ आणि ‘एसएसएल/टीएलएस’. जोड्या मोडू नका. ४६५वर पहिल्या अक्षरापासून सगळं कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) असतं. ५८७वर बोलणं उघड्यावर सुरू होतं आणि मग कुलूप लागतं. ४६५वर ‘स्टार्टटीएलएस’ निवडलंत तर थंडरबर्ड आणि सर्व्हर एकमेकांची वाट बघत बसतात आणि पुन्हा तोच टाइमआउट! ऑफिसचं मेल सांभाळणारी तुमची होस्टिंग कंपनी यातलं कुठलं देते ते तिच्या मदत पानावर बघून घ्या.

ऑथेंटिकेशनला, म्हणजे ओळख पटवण्याच्या पद्धतीला, ‘नॉर्मल पासवर्ड’ निवडा. कनेक्शन कुलूपबंद असल्यामुळे त्यात धोका नाही. युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता लिहा. ॲटच्या आधीचा तुकडा बऱ्याच ठिकाणी चालत नाही. यानंतर ५३५ एरर आली तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय. ५५० आणि सोबत ‘रिले’ शब्द दिसला, तर ऑथेंटिकेशन ‘नाही’वर राहिलंय.

(खातं जीमेलचं असतं तर पद्धत वेगळी. तिथे नेहमीचा पासवर्ड चालत नाही, ‘ओऑथ२’ (गुगलच्या पानावर लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत) निवडा.)

आता स्वतःलाच एक मेल पाठवून बघा. कधीकधी मेल जातो, पण त्याची प्रत ‘सेंट’मध्ये ठेवताना एरर येते. ती गडबड आयमॅपच्या बाजूची असते. अशा वेळी पुन्हा ‘सेंड’ दाबू नका. आमच्याकडे एका ग्राहकाला एकच बिल चार वेळा गेलं होतं, ते असंच.