परवाना मुलाच्या नावावर कशासाठी?

प्रश्न : कराडजवळ महामार्गालगत माझे टायर विक्रीचे आणि व्हील अलाइनमेंटचे दुकान आहे. मुलगा वीस वर्षांचा असून मेकॅनिकल पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ५८ टक्के मिळाले. तो कॉलेजच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कार्यशाळेत, तासन्‌तास रमतो, पण त्यात पुढे काय आहे? चीनमधील निंगबोच्या एका कारखान्याने अ‍ॅलॉय व्हील आमच्या सध्याच्या खरेदीच्या निम्म्या दरात देऊ केली आहेत. मुलाचे शिक्षण थांबवून त्याच्या नावावर आयात परवाना काढायचा आणि सातारा, सांगली, कोल्हापुरात घाऊक वितरण सुरू करायचे, असे ठरवले आहे. त्यासाठी त्याने कोणता कोर्स करावा?
– एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात कारखान्याचा दर आहे, तीन जिल्हे आहेत, मुलाचे गुणही आहेत. पण या बेताविषयी तो स्वतः काय म्हणाला, हे एका शब्दानेही आलेले नाही. मला त्याच्या ५८ टक्क्यांची चिंता वाटत नाही. ‘त्याच्या नावावर परवाना’ या शब्दांची मात्र फार वाटते.

आपण ज्याला परवाना म्हणता तो आयईसी (आयातदार-निर्यातदार संकेतांक) क्रमांक परकीय व्यापार महासंचालनालयाकडून पॅनच्या आधारे, ५०० रुपये शुल्क भरून, घरबसल्या मिळतो आणि त्यासाठी कोणताही कोर्स लागत नाही. तो इतक्या सहज मिळतो म्हणूनच त्याचे ओझे लक्षात येत नाही. क्रमांक ज्याच्या नावावर, तो १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यापुढे आयातदार ठरतो. मालाचे वर्णन आणि किंमत तोच जाहीर करतो आणि त्यात खोट निघाली तर फरकाचे शुल्क, व्याज, दंड आणि मालाची जप्ती हे सारे त्याच्या माथी येऊ शकते. पुरवठादाराने ‘बिल कमी रकमेचे करून देतो’ असे सुचवले असेल आणि आपण होकार देणार असाल, तर हेतुपुरस्सर लपवलेल्या शुल्काची मागणी पाच वर्षे मागे जाऊन करता येते, हे ध्यानात घ्या. म्हणजे वडिलांच्या सांगण्यावरून विसाव्या वर्षी केलेल्या सहीची नोटीस त्याला पंचविसाव्या वर्षीही येऊ शकेल. दुकान आपले, भांडवल आपले, निर्णयही आपला. मग सही त्याची का? हे योग्य नाही, असे मी स्पष्टपणे सांगतो.

आता त्या निम्म्या दराविषयी. कारखान्याचा भाव आणि आपली खरेदी यांतला फरक म्हणजे नफा, हा समज मोडायला हवा. निंगबोच्या बंदरापर्यंतच्या दरात जहाजाचे भाडे आणि विमा मिळवून जी किंमत होते, तिच्यावर सीमाशुल्क लागते. त्या दोन्हींच्या बेरजेवर पुन्हा जीएसटी लागतो. वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि विक्रीवरील जीएसटीतून त्याची वजावटही मिळते, पण माल विकला जाईपर्यंत ती रक्कम अडकून राहतेच. शिवाय २०१५ मध्ये केंद्र सरकारने चीन, दक्षिण कोरिया आणि थायलंडमधून येणाऱ्या १२ ते २४ इंची अ‍ॅलॉय व्हीलवर अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्त आयातीला आळा घालणारे जादा शुल्क) बसवले होते. असे शुल्क ठरावीक मुदतीचे असते आणि फेरआढाव्यानंतर ते वाढते किंवा संपते, म्हणून माल मागवण्याच्या वेळी कोणते शुल्क लागू आहे आणि त्या कारखान्याकडे भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो का, ही दोन्ही उत्तरे कस्टम्स ब्रोकरकडून, म्हणजे सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या परवानाधारक मध्यस्थाकडून, लेखी घ्यावीत. त्यानंतर प्रश्न उरतो कंटेनरचा. १७ इंची चाकांची खोकी वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण पाचशे ते सहाशे मावतात, म्हणजे सव्वाशे ते दीडशे गाड्यांचा माल एकदम दारात येतो. त्यात प्रत्येक गाडीचे माप वेगळे. स्विफ्टला चार बोल्ट, १०० चा पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये). क्रेटाला पाच बोल्ट, ११४.३ चा, पुढे ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते), सेंटर बोअर (मधले छिद्र), रंग आणि डिझाइन, हे आपण रोज हाताळता. एक डिझाइन बाजारात चालले नाही, तर तेवढा माल गोदामात पडून राहतो, आणि जे चालते ते गॅरेजवाले उधारीवर मागतात.

कोर्सबद्दल एवढेच सांगतो की आयआयएफटी (भारतीय विदेश व्यापार संस्था) यासारख्या संस्थेतील एमबीए असो वा कस्टम्स ब्रोकरची परीक्षा, दोन्हींसाठी आधी पदवी लागते. शिक्षण थांबवले, तर आपण सुचवलेल्या क्षेत्राचीच दारे त्याला बंद होतील.

आपल्या पत्रातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य, मुलगा फाउंड्रीत रमतो हे, आपण प्रश्नचिन्ह लावून सोडून दिले आहे. अ‍ॅलॉय व्हील हे मुळात ओतकामच आहे. सुमारे सात टक्के सिलिकॉन असलेले अ‍ॅल्युमिनियम कमी दाबाने साच्यात चढवायचे, उष्णतेची प्रक्रिया करायची, एक्स-रेने आतली छिद्रे शोधायची, मग वळणावरचा ताण आणि खड्ड्याचा आघात यांच्या चाचण्या घ्यायच्या, असे हे काम आहे. पुण्याजवळ शिक्रापूरला एन्काई कंपनीचा कारखाना अशीच चाके घडवतो, वाहनांच्या चाचण्यांसाठी पुण्यातच एआरएआय ही संस्था आहे, आणि आपल्यापासून तासा-दीड तासावर कोल्हापूरजवळच्या शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आहेत. तिथे प्रामुख्याने लोखंडाचे ओतकाम होते, पण साचा, वितळलेला धातू आणि त्यातले दोष ओळखण्याची नजर तिथेच तयार होते. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत प्रवेश मिळतो. ५८ टक्के त्याच्या आड येत नाहीत. सुटीत त्याला सहा आठवडे एखाद्या फाउंड्रीत काम करू द्या आणि मगच त्यात पुढे काय आहे ते त्याला विचारा.

व्यवसायाची आपली कल्पना मी टाकाऊ मानत नाही. ती आपण स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जबाबदारीवर राबवावी, आणि पहिले वर्षभर मुंबई-पुण्यातल्या आयातदाराकडून तीस-चाळीस सेट घेऊन कोणते माप खपते आणि कोणते गॅरेज वेळेवर पैसे देते, याची वहीत नोंद ठेवावी. मुलाच्या पॅनवर आयईसीचा अर्ज भरून ठेवला असेल, तर तो पुढे पाठवू नका, आणि कारखान्याने मागितलेली आगाऊ रक्कमही तूर्त पाठवू नका.